अंगावर पाजणाऱ्या आईनं दारू घेतली तर: वेळ, माप आणि बाळाची जागा

हा प्रश्न मला कुणी चारचौघांत विचारत नाही. बाळाचं वजन करून झालं, सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या, की बाई पदर सारखा करत हळूच म्हणते, "अक्का, परवा लग्नात थोडी बिअर घेतली होती. पाजलं तर चालतं का हो?"

मी सोलापुरात प्रसूती विभागात स्टाफ नर्स होते. आता निवृत्त आहे, पण पाजण्यात अडचण आली की बायका अजून बोलावतात. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये जाते, अशोक चौकाच्या पुढं पूर्व भागात जाते, विडी कामगारांच्या वस्तीत, विडी घरकुलात जाते. दारूचा प्रश्न तिन्हीकडं आहे, फक्त रूप वेगळं. कुठं पुण्याहून आलेल्या मैत्रिणींबरोबर वाइन, कुठं कामावरनं आल्यावर घरच्यांसोबत शिंदी, म्हणजे झाडाचा आंबलेला रस, कुठं आजीच्या सांगण्यावरनं थंडीत चमचाभर ब्रॅण्डी.

माझं मत आधीच सांगून टाकते. अंगावर पाजतेय तोवर न घेणं सगळ्यांत चांगलं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरायच्या आधी झालेलं असेल, किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असेल तर एक घोटही नको. एवढ्याशा जीवाचं यकृत कच्चं असतं, दारू पचवायला त्याला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. टाक्यांसाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तरी घेऊ नका, उलट्या होऊन आईच आजारी पडू शकते. झोपेच्या, फिटच्या किंवा जोरदार दुखण्याच्या गोळ्या चालू असताना तर नाहीच नाही.

पण बाईनं घेतली असेल, किंवा घ्यायचं ठरवलं असेल, तर तिला ओरडून बाळाचं काही भलं होत नाही. ओरडा खाल्लेली बाई पुढच्या वेळी सांगत नाही. मग एक तर ती लपवून लगेच पाजते, नाहीतर घाबरून अंगावरचं तोडते आणि पावडरचा डबा आणते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दुधात दारू किती वेळ राहते

पोटातली दारू रक्तात जाते आणि रक्तातनं दुधात उतरते. मधे तिला अडवणारं काही नाही. रक्तात जेवढं प्रमाण, साधारण तेवढंच दुधात. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एका तासात दुधातलं प्रमाण सगळ्यांत वर जातं, जेवणासोबत घेतली तर एक ते दीड तासात. पुढं यकृत रक्तातली दारू संपवत जातं, तशी दुधातलीही माघारी रक्तात येते आणि संपते. शेजारशेजारच्या दोन हौदांना खालनं पाइप जोडला की एकातलं पाणी उतरेल तसं दुसऱ्यातलंही उतरतं, तसंच हे.

म्हणून "पिळून टाकलं की दूध साफ" हा समज खरा नाही. रक्तात दारू आहे तोवर नव्यानं येणाऱ्या दुधातही ती येणारच. पिळायचं ते फक्त छाती भरून दगडासारखी झाली, ठणकायला लागली तर, म्हणजे गाठी होऊन ताप येत नाही. ते दूध ओतून द्या. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावरनं गार पाणी, यातल्या कशानंही यकृत घाई करत नाही. तेवढा वेळ जाऊच द्यावा लागतो.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण भीतीपोटी चांगलं चाललेलं दूध तोडलेल्या बायका मी फार पाहिल्या आहेत. पन्नास किलोच्या बाईनं ३० मिलीचा एक पेग घेतला, तर तिच्या १०० मिली दुधात दारू जास्तीत जास्त ३५ ते ४० मिलिग्रॅम असते, म्हणजे एका ग्रॅमचा पंचविसावा भाग. एखाद्या वेळी तेवढं पोटात गेलं म्हणून बाळाला विषबाधा होत नाही आणि दूध कायमचं नासतही नाही. बाळाला खरा धोका तीन ठिकाणी आहे: रोज होत राहिलं तर, एका बैठकीत जास्त झालं तर, आणि आईला स्वतःचं भान नसताना बाळ तिच्या कुशीत असलं तर.

मापाचा हिशोब

"थोडीशीच घेतली" म्हणजे किती, हे मी नेहमी विचारते. थोडीशी हे माप नव्हे, ग्लास हेही नव्हे. बाटली हातात घ्या, फिरवा आणि लेबल वाचा. दोन आकडे शोधायचे: किती मिली आणि किती टक्के. टक्का बारीक अक्षरात असतो, पण असतो. मिलीला टक्क्यानं गुणा, शंभरनं भागा, येईल त्याला ०.८ नं गुणा. आत शुद्ध दारू किती ग्रॅम आहे ते कळलं.

आपल्याकडची व्हिस्की, रम, ब्रॅण्डी बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. तिचे ३० मिली म्हणजे १० ग्रॅम. ३३० मिलीची साधी बिअर पाच टक्क्यांची असेल तर १३ ग्रॅम. १५० मिली वाइन, बारा टक्क्यांची, म्हणजे १४ ग्रॅम. आणि ६५० मिलीची आठ टक्के स्ट्राँग बिअर? ४१ ग्रॅमच्या वर. चार पेग झाले! "एकच बाटली घेतली, बिअरच तर होती" असं सांगणाऱ्या बाईला मी हा हिशोब कागदावर करून दाखवते, तेव्हा तिचा चेहरा उतरतो. बिअर हलकी हा समज या स्ट्राँग बाटल्यांना लागू नाही.

आता वेळ. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते की त्यांच्या एका मापानंतर, म्हणजे १४ ग्रॅमनंतर, किमान दोन तास थांबा आणि दिवसाला एका मापापलीकडं जाऊ नका. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमला साधारण दोन तास धरतात. आपल्या बायका पंचेचाळीस-पन्नास किलोच्या. अंग जितकं बारीक, तितकी तीच दारू रक्तात जास्त दाट होते आणि उतरायला जास्त वेळ घेते. म्हणून मी कडक हिशोब धरते: दर १० ग्रॅमला अडीच तास, आणि वेळ मोजायची शेवटच्या घोटापासून.

या हिशोबानं एका पेगला अडीच तास, छोट्या साध्या बिअरला सव्वातीन, वाइनच्या ग्लासला साडेतीन, साध्या बिअरच्या मोठ्या बाटलीला साडेसहा. स्ट्राँगच्या मोठ्या बाटलीला दहा तासांच्या वर, म्हणजे रात्री नऊला संपवली तर सकाळी साडेसातपर्यंत पाजायचं नाही. क्वार्टरचा हिशोब मी मांडतच नाही. १८० मिली म्हणजे ६० ग्रॅमच्या वर, तेवढी घेणाऱ्या आईजवळ त्या रात्री बाळ ठेवायचंच नाही.

घरी पेगाचं माप नसतं. खोकल्याच्या औषधाचं रेघांचं टोपण धुऊन घ्या. दहाच्या रेघेपर्यंत तीन वेळा भरलं की ३० मिली. अंदाजानं ओतलेला पेग कधीही लहान होत नाही, हे लक्षात असू द्या.

आधी पाजा, मग बाकीचं

बेत आधी करायचा. समजा बाळ सात महिन्यांचं आहे, भरड सुरू झाली आहे, आणि संध्याकाळी घरात कार्यक्रम आहे. साडेसातला बाळाला दोन्ही बाजूंनी पोटभर पाजा. मग जेवायला बसा आणि घ्यायचीच असेल तर जेवणाबरोबर, एकच माप. रिकाम्या पोटी फरसाणावर कधीही नको. छोटी बिअर नऊला संपली, तर सव्वाबारापर्यंत अंगावर घ्यायचं नाही. मधे साडेदहाला बाळ उठलं तर काय? त्यासाठी दुपारीच काढून ठेवलेलं दूध हवं. ते नसेल तर घेऊ नका, माझ्याकडं याला दुसरं उत्तर नाही. दोन महिन्यांचं बाळ दर दोन-तीन तासांनी मागतं, त्याचा असा मेळ बसतच नाही, म्हणून तर सुरुवातीला नको म्हटलं.

दूध काढायला मशिन लागत नाही. स्टीलची रुंद तोंडाची वाटी आणि चमचा दहा मिनिटं उकळून घ्या. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. कोमट पाण्यात पिळलेला पंचा छातीवर दोन मिनिटं ठेवा. अंगठा वरच्या बाजूला आणि पहिली दोन बोटं खालच्या बाजूला, काळ्या भागाच्या कडेपासून थोडं मागं. आता आधी छातीच्या फासळ्यांकडं मागं दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडं आणा, सोडा. पुन्हा तसंच. बोंडी ओढायची नाही, कातडीवरनं बोटं घासायची नाहीत, दुखलं तर हात चुकतोय. पहिली काही मिनिटं थेंबच येतात आणि बायका निराश होतात. थांबू नका. पान्हा फुटला की धार वाटीत वाजायला लागते. बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत सगळ्या बाजूंनी रिकामं करा. बाळ शेजारी असलं, त्याचा वास येत असला की पान्हा लवकर येतो.

काढलेलं दूध झाकून थेट फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. पुस्तकात लिहितात की २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, घरात पंखासुद्धा गरम हवा मारतो, तिथं हा नियम चालत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं म्हणतात, पण लाइट जाते-येते हे धरून मी चोवीस तासांत वापरा असं सांगते. पाजताना वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, गॅसवर उकळू नका. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, घ्या. जुन्या घरांमधनं चांदीची, पितळेची बोंडली कपाटात पडून असतात, मी मात्र स्टीलचं वापरायला सांगते, उकळायला सोपं पडतं. बाळाला उभट धरून, ओठाला टेकवून, त्याच्या चालीनं पाजायचं. घशात ओतायचं नाही.

आणि रात्री बाळाला कोण बघणार, त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं हवं. त्यानं घ्यायची नाही.

बाळ कुठं झोपणार

दुधातल्या दारूपेक्षाही मला ही काळजी जास्त असते. आपल्याकडं बाळ आईच्या कुशीतच झोपतं, आणि एरवी त्यात पाजायला सोय असते. पण दारू घेतल्यावर झोप जड लागते. हात बाळाच्या अंगावर पडला, छाती नाकावर आली, तर जाग येत नाही. घेतलेल्या माणसाच्या शेजारी झोपलेल्या बाळाला गुदमरून किंवा झोपेतच अचानक मृत्यू येण्याचा धोका फार वाढतो, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

त्यात आपली पांघरुणं. सोलापुरी चादर किती जड असते ते आपल्याला सांगायला नको, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर चादरीवर वाकळ असते. मोठ्यांच्या अंगावरनं सरकलेली चादर बाळाच्या तोंडावर आली तर ते ती बाजूला करू शकत नाही. तीन महिन्यांच्या बाळाला ते जमतच नाही.

म्हणून त्या रात्री, एकाच मापावर सुद्धा, बाळ वेगळ्या जागी. पाळणा किंवा जमिनीवर सपाट घट्ट गादी, बाळ पाठीवर, उशी नाही, तोंडाजवळ कापड नाही, पाय गादीच्या खालच्या कडेला, पातळ दुपटं छातीपर्यंत आणि काखेत खोचलेलं. झोळीत मान खाली वाकून श्वास अडतो, रात्रभर झोळी नको. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ छातीवर घेऊन पडणं सगळ्यांत वाईट.

हे बापालाही तितकंच लागू आहे. बहुतेक घरांत आई घेत नाही, बाप घेतो, आणि रात्री येऊन त्याच पलंगावर आडवा होतो. दादा, बाळावर माया आहे ना? मग घेतलेल्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपा. मी हे नवऱ्यांना तोंडावर सांगते आणि सहसा ते ऐकतातही. सासूबाईंनी सांगितलं तर अजून लवकर ऐकतात.

घेतल्यावर बाळाला आंघोळ घालणं, जिन्यावरनं नेणं, गाडीवर मांडीत घेऊन बसणं, हेही नको.

शिंदी, ताडी आणि हातभट्टी

वर केलेला सगळा हिशोब लेबल असलेल्या बाटलीचा आहे. शिंदीला लेबल नसतं. सकाळी उतरवलेला रस गोड असतो, उन्हात तासातासाला आंबत जातो, आणि संध्याकाळच्या ग्लासात नक्की किती टक्के आहे ते विकणाराही सांगू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे बनावट ताडी. झाडाचा रस कमी पडला की पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची पावडर, सॅकरिन असं काय काय घालून विकतात, आणि असे साठे वेळोवेळी पकडले गेले आहेत. गुंगीची पावडर दुधात उतरते आणि बाळ सुस्त पडतं, प्यायला उठत नाही. "शिंदी थंड असते, बाळंतिणीला चांगली" असं सांगणाऱ्या आजींना मी हात जोडते आणि एवढंच म्हणते: अक्का, ती आता झाडाची आहे का पावडरची, तुम्हाला तरी कळतं का? पाजणाऱ्या बाईनं शिंदी घेऊ नये.

हातभट्टीबद्दल तर चर्चाच नको. तिच्यात मिथेनॉल निघालं तर डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं त्यानं गेली. आपल्या जिल्ह्यात २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी "ऑपरेशन परिवर्तन" सुरू केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्या मोडल्या आणि तिथल्या कुटुंबांना दुसऱ्या कामाला लावायचा प्रयत्न केला. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण भट्टीच्या घरातल्या बाळंतिणींनाही आम्ही पाहिलं आहे.

"बिअरनं दूध वाढतं म्हणे"

वाढत नाही. १९९१ साली अमेरिकेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पाजणाऱ्या आयांवर हे तपासलं. दारू घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात दुधाला वेगळा वास येतो, बाळ सुरुवातीला जोरात चोखतं, पण पोटात दूध कमी जातं. पुढच्या अभ्यासांत ते साधारण पाचव्या हिश्शानं कमी भरलं, आणि बाळांची झोपही तुटक झाली. कारण सरळ आहे. पान्हा सोडणारं जे ऑक्सिटोसिन, तेच दारूनं दबतं. छाती भरल्यासारखी वाटते, कारण दूध आत अडकलेलं असतं. बाईला वाटतं दूध वाढलं!

दूध वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट धरून प्यायलं की. तोंड मोठं उघडून काळा भाग आत, हनुवटी छातीला टेकलेली. रात्रीचं पाजणं सोडू नका. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, शेंगाचटणीबरोबर भाकरी, जे घरचं मिळेल ते पोटभर खा आणि तहान लागेल तेवढं पाणी प्या.

औषधाच्या बाटलीतली दारू

हे बहुतेकींच्या लक्षातच येत नाही. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात. माझ्या पाहण्यात असं घर क्वचितच असेल जिथं ती तपकिरी बाटली खिडकीत नाही. दशमुळांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून मुरवत ठेवतात, त्यात आपोआप दारू तयार होते. बाटली उजेडात धरून वाचा, पाच ते दहा टक्के असं छापलेलं सापडेल. १५ ते ३० मिलीच्या मात्रेत एक ते दोन ग्रॅम दारू जाते. म्हणजे पेगाच्या पाचव्या हिश्शापर्यंत. घाबरायचं कारण नाही, पण पद्धत पाळा: आधी बाळाला पाजा, मग जेवण, मग मापानं औषध, तेवढंच पाणी घालून. "बरं वाटतं" म्हणून तिसरा डोस घ्यायचा नाही. बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधीचं असेल तर वैद्यांना तसं सांगा आणि अरिष्टाऐवजी ताजा दशमूळ काढा देता येईल का विचारा. त्यात दारू नसते.

आता ब्रॅण्डी. बाळाला सर्दी झाली, रात्री रडायला लागलं, की अजूनही काही घरांत चमचाभर ब्रॅण्डी पाजतात, छातीला चोळतात. हे मी हात धरून थांबवते. चहाच्या चमच्यात पाच मिली मावतात. चार किलोच्या बाळाच्या अंगात ती इतकी दाट होते की पन्नास किलोच्या बाईनं दोन पेग एकदम घ्यावेत. आणि लहान बाळाच्या रक्तातली साखर दारूनं झपाट्यानं उतरते, झटके येऊ शकतात, बाळ शांत झोपलंय असं घरच्यांना वाटत राहतं. चोळूही नका, कोवळ्या कातडीतनं ती आत जाते. सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि अंगावरचं दूध पुरतं. बाळ धापा टाकत असेल तर दवाखाना.

घेतली आणि पाजलंही, आता काय

आधी बाळाकडं बघा. नेहमीसारखं उठतंय, चोखतंय, लघवी करतंय, तर काही करू नका. वरचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका. पुढचं पाजणं वेळ झाल्यावर करा आणि अंगावरचं चालू ठेवा.

बाळ हलवूनही उठत नसेल, अंग ढिलं पडलं असेल, चोखायची ताकद नसेल, अंग गार लागत असेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, झटका आला असेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा, रिक्षा दारात असेल तर तीच पकडा आणि थेट सिव्हिलला किंवा जवळच्या बाळांच्या दवाखान्यात जा. बाळाला छातीशी उबेत धरून न्या.

रोजची सवय असेल तर

अशा बाईशी मी सगळ्यांत हळू बोलते. बाळंतपणानंतर झोप नाही, मन उदास आहे, नवरा मारतो, किंवा पोटुशी असतानाही सुटली नव्हती, असं काहीतरी मागं असतं. तिनं एकट्यानं एका दिवसात बंद करू नये. रोज बरीच घेणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येऊ शकते. हे दवाखान्यात, औषधांच्या आधारानं करायचं काम आहे. सिव्हिलला मानसोपचार विभागात जा, आणि अंगावर पाजते हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे औषध तसं निवडतील. तोवर बाळाला काय पाजायचं तेही बालरोगतज्ज्ञ ठरवतील. पावडरचं दूध द्यायची वेळ आलीच तर डब्यावरचं माप पाळा, पुरवायला पाणी वाढवू नका.

घरच्यांनी एक करू नये. दारू सोडवायची म्हणून मिळणारी पावडर किंवा गोळी तिच्या आमटीत गुपचूप मिसळू नये. वर दारू पोटात गेली तर त्या औषधानं जिवावर बेतू शकतं, आणि तिचं दूध बाळ पितंय.

बाहेर पडता येत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. मन खचलं असेल, बाळ नकोसं वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर १४४१६. दोन्हीकडं मराठीत बोलता येतं. आशाताई सव्वा महिना घरी येते, तिला बाजूला घेऊन सांगितलं तरी ती पुढं मार्ग काढते.

डॉक्टरांकडं गेल्यावर तीन गोष्टी खऱ्या सांगा: काय घेतली, किती मिली, आणि शेवटचा घोट किती वाजता. बाटली असेल तर सोबत न्या. सासूसमोर बोलता येत नसेल तर नर्सला म्हणा, "सिस्टर, मला आत एकटीशी बोलायचं आहे." आम्ही सासूबाईंना बाहेर बसवतो.